उताऱ्याबद्दल आभार

तीर्थस्वरूप काकांच्या सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, येत्या महिन्यात आपल्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि गौरव समितीनं घरातल्या प्रत्येकाकडून गौरवांकासाठी दोन पानं मागवली आहेत. विषय दिला आहे, ‘काकांनी मला काय दिलं’. माझी पानं थोडी जास्त झाली आहेत. आपण दिलेलंच तेवढं आहे, त्याला माझा इलाज नाही. समितीला जागा नसेल तर दुसरीकडे छापून आणीन, पण आपली कीर्ती घरात कोंडून ठेवणार नाही.

आपलं नाव मात्र मी लिहिलेलं नाही. आपण एकाच घरात थोडेच असता? कुठं मामा, कुठं आत्याचे यजमान, कुठं शेजारचे निवृत्त हेडमास्तर. वाचणाऱ्यानं आपापल्या घरचं नाव घालून घ्यावं.

2011 च्या श्रावणात दादा अंथरुणातून उठेनासा झाला, तेव्हा सगळ्यांत आधी धावून आलात ते आपण. चोवीस वर्षांचा मुलगा, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. पहाटे तीनला जागा व्हायचा आणि उजाडेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचा. भाकरी मोडायचा आणि ताटातच ठेवायचा. ‘माझ्या चुकीच्या रिपोर्टांमुळे कारखाना बुडणार आहे,’ असं अगदी हळू आवाजात सांगायचा. हंगाम बंद होता, लॅबमध्ये रिपोर्टच नव्हते. आईनं घाबरून आपल्याला बोलावलं आणि एक चप्पल दाराबाहेर, दुसरी अजून पायात अशा अवस्थेत आपण निदान केलंत : ‘आळस.’

या वेगाबद्दल आपले आभार मानावे तितके थोडे. डॉक्टरमंडळी फार वेळ लावतात हो. नैराश्य म्हणायला त्यांना निदान दोन आठवडे लक्षणं टिकलेली लागतात. झोप, भूक, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार अशी नऊ लक्षणं ते विचारतात आणि त्यांतली पाच जुळली तरच पुढं जातात. मग थायरॉइडसाठी रक्त काढतात, कारण थायरॉइड मंदावली तरी माणूस असाच सुस्त होतो. मग विचारतात, याआधी कधी असं झालं होतं का, याच्या उलट कधी झालं होतं का. आपल्याला यातलं काही लागलं नाही. चहा यायच्या आत उपचारही सांगून झाले होते : रोज पहाटे सदाशिवगड चढायचा. ज्याला मोरीपर्यंत जायला अर्धा तास लागत होता, त्याला आपण किल्ल्यावर पाठवलंत. एवढा विश्वास त्याच्यावर आजवर कुणी दाखवला नसेल.

गड चढून उपयोग होईना, तेव्हा आपण खचला नाहीत. पत्रिका काढलीत. चंद्र मनाचा कारक, तो पीडित. सव्वासहा रतीचा मोती, चांदीत, उजव्या करंगळीत, सोमवारी. सोनारही आपल्याच ओळखीचा असल्यामुळं आमची केवढी धावपळ वाचली!

आणि मग उतारा. अमावास्येच्या रात्री दहीभात, लिंबू, नारळ दादावरून ओवाळून बाबांनी तिठ्यावर नेऊन ठेवला आणि मागं वळून न बघता घरी आले. त्या दोन महिन्यांत दादा एकदाच हसला, तो त्या रात्री. मला म्हणाला, ‘कारखान्याचा उतारा बारा टक्क्यांच्या वर गेला की चेअरमन पेढे वाटतात. ह्या उताऱ्याची टक्केवारी कशी काढायची गं?’ केमिस्टच तो. मी त्याला गप्प केलं. आपण ओसरीवर बसला होतात ना.

दसऱ्याला दादा आपणहून उठला, दाढी केली, सोनं वाटायला बाहेर पडला. घरभर आपला जयजयकार झाला. आपण हात जोडून ‘मी कोण, कर्ता करविता तो,’ म्हणालात. तो विनय मला फार आवडला. आज कळतं, त्यात तथ्यही होतं. हा आजार भरतीसारखा चढतो आणि काही महिन्यांनी आपला आपणच ओसरतो. ओसरताना काठावर जो उभा असेल त्याला वाटतं, आपण हात केला म्हणून पाणी मागं गेलं. मोती घाला, उतारा टाका, गडावर पाठवा, नाहीतर काहीच करू नका, दसऱ्यापर्यंत पाणी ओसरतंच. तेवढे महिने माणूस जिवंत राहिला तर. आमचा राहिला.

आता आपल्या सर्वांत मोठ्या उपकाराकडे वळते.

2012 च्या फेब्रुवारीत, ऐन गळीत हंगामात, दादा बरा झाला. नुसता बरा नाही, फारच बरा झाला. रात्री दोन-तीन तास झोप, तरी थकवा नाही. आपली पाळी संपली की दुसऱ्याच्या पाळीत काम. बोलायला लागला की वाक्य संपायच्या आत दुसरं वाक्य. सेंद्रिय गूळ दुबईला पाठवायचा बेत. एका दिवसात तीन गुऱ्हाळांना इसार दिला. पहाटे तीन वाजता चेअरमनना फोन करून उतारा चौदा टक्क्यांवर कसा न्यायचा ते समजावलं. आई पुन्हा घाबरली. म्हणाली, हा आपला मुलगा नव्हे. आणि आपण तिला दटावलंत : ‘वहिनी, पोरगं पहिल्यांदा पुरुषासारखं वागतंय, तर तुम्ही पाय ओढा.’

डॉक्टर ज्याला उन्माद म्हणतात त्याला आपण धडाडी म्हणालात. मराठी भाषेवर हे आपले थोर उपकार. आजारी पडल्याबद्दल शाबासकी मिळालेला आमच्या तालुक्यातला तो पहिलाच रुग्ण असावा.

आणि लोखंड गरम असताना घाव घालावा तसं आपण तेव्हाच स्थळ आणलंत. ‘लग्न लावून द्या, उरलंसुरलं सुटेल.’ औषधशास्त्रात लग्न या औषधाची मात्रा किती, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे मला कुठंच सापडलेलं नाही. पण पाहण्याच्या कार्यक्रमात दादा जो काही बोलला! विनोद, कविता, जागतिक साखर बाजार. मुलीकडचे भारावून गेले. मुलीच्या वडिलांनी आपल्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘काही व्यसन, आजार?’ आपण म्हणालात, ‘सुपारीचं खांडसुद्धा नाही.’ प्रश्न दोन होते, उत्तर एकाचंच दिलंत. यालाच मुत्सद्देगिरी म्हणतात.

इथं थोडं श्रेय मलाही द्यावं, काका. मी करवली होते. मला सगळं दिसत होतं. मी ताम्हणात निरांजन सरळ धरून उभी राहिले.

लग्न मे महिन्यात झालं. जूनमध्ये दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपला. आठ दिवसांपूर्वी वहिनीचं माप ओलांडून झालं होतं. तिला आपण बोलावून सांगितलंत, ‘नवऱ्याला जिंकणं बायकोच्या हातात असतं.’ हे वाक्य तिनं जपून ठेवलं आहे. मधूनमधून काढून बघतो आम्ही, जुन्या फोटोसारखं.

2013 मध्ये अखेर बाबांनी हट्ट धरला की डॉक्टरांना दाखवायचंच. आपण सोबत येण्याची तसदी घेतलीत. आत गेल्यावर खुर्चीही आपणच घेतलीत, दादा स्टुलावर. डॉक्टरांनी विचारलं, मधे कधी झोप कमी लागून उत्साह जास्त असा काळ आला होता का? आपण म्हणालात, ‘छे, उलट मधे तर एकदम उत्तम होता.’ डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात आणखी कुणाला मानसिक त्रास? आपण म्हणालात, ‘आमच्या घराण्यात? नाव घेऊ नका.’

खरंच होतं ते. माळ्यावरच्या खोलीत एकवीस वर्षं काढलेल्या आपल्या धाकट्या आत्याचं नाव आमच्या घरात कुणीच घेत नाही. मलाही ते आजीच्या मरणानंतर रेशनकार्डावर वाचून कळलं. हा आजार रक्ताच्या नात्यांतून वाहतो, म्हणून डॉक्टर तो प्रश्न विचारतात. ते एक नाव आपण उच्चारलं असतं तर त्या दिवशी चिठ्ठीवर वेगळं औषध आलं असतं.

आलं ते नुसतं नैराश्याचं औषध. समोर मांडली होती तेवढ्या माहितीवर त्या डॉक्टरांनी बरोबरच केलं. माझा त्यांच्यावर राग नाही. पण बायपोलर, म्हणजे उदासी आणि उन्माद आलटूनपालटून येणाऱ्या माणसाला चढण थोपवणारं औषध न देता नुसतं उदासी उठवणारं दिलं, की कधीकधी तो उठून थेट गच्चीवर जातो. तीन आठवड्यांत दादाची झोप पुन्हा दोन तासांवर आली. आपण गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन सगळ्या भावकीला दाखवलीत : ‘बघा, गोळ्यांनी डोकं फिरतं म्हणतात ते खोटं नाही!’ पुरावा आपल्या हातात होता आणि तो आपल्याच हातानं तयार झाला होता. शास्त्रज्ञांनाही इतकं क्वचित जमतं.

त्याच चढणीत तीन एकर बागायत गहाण पडली. सातबाऱ्याचा उतारा दादानं स्वतः तलाठ्याकडून आणला, नाचत नाचत. गहाणखताच्या शेवटी नेहमीचे शब्द आहेत : ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे.’ खाली साक्षीदार म्हणून आपली ती झोकदार सही. वकील म्हणाले, सुदृढ मन नसताना केलेला करार कोर्टात टिकत नाही, 1872 च्या कायद्यापासून तसं आहे. पण साक्षीला चुलताच असेल तर मन सुदृढ नव्हतं हे सांगायला दुसरं कुणाला आणायचं? हप्ते गेल्या वर्षी फिटले, काका. आपल्याला पेढा पाठवायचा राहून गेला.

आता कॅलेंडरविषयी.

आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं तसंच आमच्याही असायचं. आपण आलात की आधी त्यात अमावास्या-पौर्णिमा बघायचात आणि दादाच्या तब्येतीचं भाकीत सांगायचात. त्याच चौकोनांत, दुधाच्या हिशेबाशेजारी, वहिनी पेन्सिलीनं बारीक आकडे लिहायची. आम्हाला वाटायचं, ज्यादाचं दूध. ते दादाच्या झोपेचे तास होते. लग्नानंतरच्या महिन्यापासून. 9, 11, 12, 12. मग 7, 6, 4, 2, 2. मग पुन्हा 10. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिला एवढंच कळत होतं की या घरात तोंडानं विचारलं तर उत्तर मिळत नाही.

फेब्रुवारी 2014 मध्ये ती ‘माहेरी जाऊन येते’ म्हणून दादाला घेऊन निघाली आणि मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. पिशवीत दोन वर्षांची कॅलेंडरं. डॉक्टरांनी तिचं बोलणं थांबवून आधी ती कॅलेंडरं टेबलावर पसरली. तासभर बघत होते म्हणे. या आजाराला अजून रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. एका दिवसाच्या भेटीत तो नुसतं नैराश्य दिसतो, दुसऱ्या दिवसाच्या भेटीत नुसता उत्साह. तो दिसतो काळाच्या लांबीत. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत हायडेलबर्गला एमिल क्रेपेलिन नावाचे डॉक्टर प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायचे आणि वर्षानुवर्षं त्यावर नोंदी करायचे. त्या कार्डांकडे बघताना त्यांना दिसलं की काही जण चढतात, उतरतात आणि मधे ठीक असतात, आणि काहींचं तसं होत नाही. 1899 साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी या चढउताराच्या आजाराला वेगळं नाव दिलं. वहिनी बारावी वाणिज्य. क्रेपेलिनचं नाव तिनं ऐकलेलं नव्हतं. कार्डं मात्र तीच.

आणि एक सांगायचं राहिलं. वहिनी परत आल्यावर आपण तिला ऐकवलंत की नवऱ्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणारी बाई उद्या फारकत मागेल. तसा कायदा आहे, हेही सांगितलंत. वकिलाकडून कळलं की सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्येच म्हटलंय, आजाराला नुसतं नाव लागलं म्हणून घटस्फोट मिळत नाही; तो किती तीव्र आहे ते बघावं लागतं. ती चौकशी आम्ही आपल्या समाधानासाठी केली. तिनं केली नव्हती.

मिरजेच्या डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं. दादा खूश. म्हणाला, ‘सोडियमच्या वरच्या घरातला आहे हा, मूलद्रव्यांच्या तक्त्यात तिसरा. क्षार आहे साधा.’ त्या रात्री त्यानं मला जॉन केडची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियन डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत, चांगीला. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात गिनिपिगवर प्रयोग करत बसायचा. तर्क चुकीचा होता, पण लिथियम टोचलेले गिनिपिग शांत पडून राहिले हे त्यानं नजरेतून सुटू दिलं नाही. आधी स्वतः घेऊन बघितलं, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं आणि 1949 मध्ये छापलं. त्याचा पहिला रुग्ण पाच वर्षं सतत उन्मादात होता. तो सुधारून घरी गेला. आणि 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं वारला, कारण रक्तात ते किती झालंय हे तेव्हा कुणी नियमानं मोजत नव्हतं. पुढं डेन्मार्कमध्ये मोगन्स शौनं त्याची रीतसर चाचणी घेतली. त्याच्या धाकट्या भावाला नैराश्याचे झटके यायचे. लिथियमनं ते थांबले. हे मला दादानं दोनदा सांगितलं.

औषध नामी, पण अरुंद वाटेचं. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 असलं तर काम करतं, 1.5 ओलांडलं की विष. म्हणून लेव्हल तपासायची, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासायची. पाणी भरपूर प्यायचं आणि मीठ कमी-जास्त करायचं नाही. हे शेवटचं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल पेनानं लिहिलं होतं.

आपण ते वाचलंत. आणि 2015 च्या श्रावणात दादाला सांगितलंत, ‘गोळ्या गरम पडतात. उष्णता उतरायला महिनाभर मीठ सोड. सोमवार निर्जळी कर.’ दीड वर्ष दादा ठीक होता, कामावर जात होता. एवढे दिवस घरावर संकट न आल्यामुळं आपल्याला करमत नसावं. आई म्हणाली, डॉक्टरांना विचारू का? आपण म्हणालात, ‘व्रतवैकल्यातलं त्यांना काय कळतं?’

यातलं विज्ञान दादानंच नंतर समजावलं, फळ्यावर आकृती काढावी तसं हवेत बोट फिरवून. शरीराला मीठ मिळेना की मूत्रपिंड असेल नसेल ते मीठ धरून ठेवायला लागतं. आणि लिथियम दिसायला मिठासारखंच, त्यामुळं तेही धरून ठेवतं. तिसऱ्या आठवड्यात दादाच्या हातातला पेला खळखळायला लागला. मग उलट्या, जुलाब. मग जीभ जड झाली, चालताना भिंत धरायला लागला. आपण दारात येऊन म्हणालात, ‘बघ, विष बाहेर पडतंय. उतार पडतोय.’

दवाखान्यात लेव्हल 1.9 आली. गोळ्या थांबवल्या आणि शिरेतून सलाइन लावलं. मिठाचं पाणी, काका. बाटलीमागून बाटली, चार दिवस. आपण बंद केलेलं मीठ डॉक्टरांनी थेट रक्तात ओतलं. इतक्या वर्षांत आमच्या घरात लागू पडलेला हा एकच उतारा, त्याची सामग्री औषधांच्या दुकानात मिळते.

किरकोळ देणग्यांचा उल्लेख केला नाही तर कृतघ्नपणा होईल. लग्नामुंजीत दादा पंगतीत बसला की ‘येरवड्याचं तिकीट काढू का?’ हा विनोद आपण किमान चाळीस वेळा केलात आणि प्रत्येक वेळी स्वतः हसलात. श्रोत्यांवर अवलंबून न राहण्याचा हा गुण विरळा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार गावांतल्या मनोरुग्णालयांत लोक बरे होऊन घरी जायची वाट बघतात आणि पुष्कळदा घरचेच न्यायला येत नाहीत, एवढी माहिती विनोदात बसत नाही म्हणून आपण गाळलीत. ‘शॉक देतात तिथं’ असं सांगून आईची झोप उडवलीत; भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो उपचार करायला 2017 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि योग्य रुग्णाला तो जीव वाचवणारा ठरतो, हे हिंदी सिनेमात दाखवत नाहीत. दादाला त्याची गरजही पडली नव्हती. आपण चर्चा तेवढी केलीत.

एकदा आपण सुचवलंत की दादाला दोन-तीन महिने एखाद्या ठिकाणी ‘देवाच्या पायाशी’ ठेवावं. बांधून ठेवतात, पण काळजी घेतात. तमिळनाडूत एरवाडीला असेच काळजीनं साखळदंडांत ठेवलेले लोक 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे झोपडीला आग लागल्यावर पळू शकले नाहीत. अठ्ठावीस माणसं. आमच्या बाबांनी आयुष्यात आपल्याला एकदाच नाही म्हटलं, ते त्या दिवशी. ते नरसोबाच्या वाडीला पौर्णिमा करतात, अजून करतात, दादाही सोबत जातो. गोळ्या बंद करा असं दत्तगुरूंनी कधी सांगितल्याचं आमच्या कानावर नाही. ते सांगायला आपण होतात.

2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा पंचक्रोशीतले देवऋषी थोडे दबकले. आपण निर्धास्त. भूत उतरवायला मारहाण करणं, चटके देणं गुन्हा आहे; सल्ला देणं कुठं गुन्हा आहे? बंगळुरूच्या निमहान्सनं 2015-16 मध्ये देशभर पाहणी केली. वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं त्यात निघालं. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपली भेट घ्यायची राहून गेली त्यांची. नाहीतर कारणांच्या रकान्यात आपला फोटोच छापला असता. आणि 10 ऑक्टोबर 2022 ला तर सरकारनं आपल्याशी उघड स्पर्धाच सुरू केली : टेलिमानस, 14416, दिवसरात्र, फुकट, मराठीतसुद्धा. तिथं फोन केला तर समोरचा माणूस आधी ऐकून घेतो म्हणतात. आपल्यापुढं त्याचा काय टिकाव लागणार!

आपलं एक म्हणणं मात्र मी मान्य करते. औषधं काही अमृत नाहीत. दादाला सारखी तहान लागते, रात्री उठावं लागतं. सही करताना हात किंचित थरथरतो. 2019 मध्ये लिथियम चालू असतानाही एक उदासीचा फेरा येऊन गेला. दुसरी गोळी जोडावी लागली. तीन-तीन महिन्यांनी समुपदेशकाकडे जाऊन ‘मी कारखाना बुडवणार’ या विचाराची झडती घ्यायला तो शिकला, तेही सोपं नव्हतं. मधे एकदा मला म्हणाला, ‘त्या फेब्रुवारीची कधीकधी आठवण येते गं. तसं पुन्हा कधीच वाटणार नाही.’ यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. ते डॉक्टरांच्या पुस्तकात नसावं आणि आपल्या पंचांगातही.

समारंभाला आम्ही सगळे येणार आहोत. दादा, वहिनी, त्यांची मुलगी. आपलं औक्षण वहिनी करणार आहे. तिनं स्वतः सांगितलं, मी भरीला घातलेलं नाही. जेवणाची वेळ साडेआठच्या पुढं नेऊ नये, एवढीच आमच्याकडून एक अडचण. दादाची रात्रीची गोळी नऊला असते आणि दहाला तो झोपतो. पानात मीठ वाढायला मी स्वतः उभी राहीन.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी केला तरी चालेल.

आपली आज्ञाधारक,
पुतणी

ता. क. सोबत एका डबीत मोत्याची अंगठी परत पाठवत आहे, सव्वासहा रती, चांदीतली. दादाच्या बोटात आता ती जात नाही. नव्या गोळीनं चौदा किलो वजन वाढलं त्याचं. हे आपण चारचौघांत सांगालच, म्हणून आधी मीच सांगून टाकलं. मोती चांगला आहे. माळ्यावरची खोली आवरताना आत्याचं काही सापडलं तर त्याच्यासोबत ठेवा.